जागे राहण्याची पाळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

इंडोनेशियन भाषेत मालमत्तेला ‘हार्ता बेंदा’ म्हणतात. हार्ता म्हणजे आपला ‘अर्थ’, आणि बेंदा म्हणजे संस्कृतातले ‘भाण्ड’, आपले भांडे. गरिबाची मालमत्ता खरोखर एवढीच असते: चार पैसे आणि चार भांडी. जिवाला ते ‘जिवा’ म्हणतात. खेड्याला ‘देसा’ म्हणतात, म्हणजे ज्याला आपण देश म्हणतो तो त्यांच्या लेखी एक गाव. आणि राखण करण्याला शब्द आहे ‘जागा’. तो आपल्या ‘जागणे’ या क्रियापदाच्या घरचाच आहे. राखायचे म्हणजे जागायचे, दुसरा उपाय नाही, हे त्या भाषेने एका शब्दात सांगून टाकले आहे. आपल्याकडे गावच्या राखणदाराला जागल्या म्हणत. जावाच्या खेड्यात त्याच कामाच्या माणसाला ‘जागाबाया’ म्हणतात. यातला ‘बाया’ म्हणजे भय. भयासाठी जागणारा, तो जागाबाया.

शब्दांवर जगणाऱ्या माणसाला असा शब्द सापडला की त्याच्या मागे मागे जावेसे वाटते. मी गेलो, तो त्या शब्दाने मला दोनशे वर्षांच्या एका विचित्र इतिहासात नेऊन सोडले. खेड्यातल्या माणसाने रात्रभर जागून काय राखले, आणि तो जागत असतानाच भर दिवसा त्याचे काय काय गेले, असा तो इतिहास आहे. इंडोनेशिया म्हणजे सतरा हजारांहून अधिक बेटांचा देश. तिथे पंचाहत्तर हजारांच्या आसपास देसा आहेत. सुमात्रातले मिनांगकाबाउ लोक जमीन आईकडून मुलीकडे देतात, बालीत पाटाच्या पाण्याच्या वेगळ्याच पंचायती आहेत. त्या सगळ्यांबद्दल एका भाषणात बोलायचे म्हणजे काहीच न बोलणे. म्हणून मी आज जावा बेटापुरते बोलणार आहे. देशातली निम्म्याहून अधिक माणसे तिथेच राहतात.

जावाचे जुने खेडे डोळ्यांपुढे आणणे आपल्याला अवघड नाही. भाताची पाणथळ खाचरे, त्यांना ‘सावाह’ म्हणतात. मधे नारळ, केळी, बांबूच्या बेटांनी झाकलेली वस्ती. गावचा प्रमुख लुराह, म्हणजे पाटील. दप्तर सांभाळणारा चारिक, म्हणजे कुळकर्णी. पाटाचे पाणी वाटणारा उलू-उलू. मशिदीचे, लग्नाचे आणि मयताचे पाहणारा मोदिन. हा शब्द ‘मुअज्जिन’चा घासून झालेला. आणि पाचवा आपला जागाबाया. या मंडळींना पगार नसे. गावाच्या मालकीची जमीन त्यांना कामाच्या मोबदल्यात कसायला मिळे. तिला ‘बेंगकोक’ म्हणतात. आपल्या वतनाच्या जमिनीशी तिचे साम्य आहे, पण एक फरक मोठा आहे. बेंगकोक पदाबरोबर येते आणि पद गेले की जाते. मुलाच्या नावावर होत नाही.

घर बांबूच्या विणलेल्या भिंतींचे, जमीन मातीची. अशा घरात चोराला दार फोडावे लागत नाही. तो बाहेरून भिंतीखाली भुयार खणतो आणि आत निघतो. जमिनीत बीळ करणाऱ्या एका रातकिड्याचे नाव जावानी लोकांनी या चोराला दिले आहे: ‘मालिंग गांगसिर’. चोर घरावर स्मशानातली माती टाकून घरच्यांना मंत्राची झोप लावतो, असाही समज होता. त्या विद्येला ‘सिरेप’ म्हणत. त्यामुळे बंदोबस्तही दोन्ही बाजूंनी. गुरे बांधायची ती अंथरुणाशेजारी, आणि रात्री म्हणायचे एक राखणीचे गाणे. ‘किडुंग रुमेक्सा इंग वंगी’, म्हणजे रात्री राखण करणारे गीत, असे त्याचे नाव. रोगराई, जिन आणि चोर या सगळ्यांना ते एकाच दमात दूर ठेवते. ते रचले सुनान कालीजागा यांनी, असे लोक मानतात.

हे कालीजागा जावात इस्लाम नेणाऱ्या नऊ वलींपैकी एक. आख्यायिका अशी की ते आधी वाटमारी करीत. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटत. एका वलीने त्यांना नदीकाठी एक काठी राखायला बसवले, आणि ते वर्षानुवर्षे बसून राहिले. काली म्हणजे नदी. नदीकाठी जागला तो कालीजागा. आपल्याला वाल्या कोळ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पण वाल्याचा वाल्मीकी झाला तेव्हा लोकांनी त्याला कवी केले. जावाच्या लोकांनी आपल्या वाटमाऱ्याला कवी तर केलेच, वर राखणदारही केले. चोरांपासून वाचवायला चोरी जाणणारा वली हवा, हा हिशेब मला फार खेडवळ आणि फार शहाणा वाटतो.

आता गस्तीकडे येऊ. गस्तीला ‘रोंदा’ म्हणतात, हा शब्द पोर्तुगिजांनी दिला. पहाऱ्याच्या खोपटाला ‘गार्दू’ म्हणतात, तोही युरोपातून आलेला. आपला पेशवाईतला ‘गारदी’ बहुधा त्याच कुळातला. सुखरूप असणे याला ‘आमान’, तो अरबी, आपला अमन. गावाचे रक्षण या एका कामासाठी दोन खंडांतून शब्द गोळा झाले आहेत. यावरून ते काम किती हातांतून गेले असेल याची कल्पना यावी.

गल्लीच्या तोंडाशी उंच जोत्याचे खोपटे, आत चटई, आणि आढ्याला टांगलेले ‘केंतोंगान’. लाकडाचा ओंडका किंवा बांबूचे कांडे आतून पोकळ करायचे, बाजूला उभी फट ठेवायची आणि दांडक्याने वाजवायचे. आवाज लांब जातो, आणि त्याची एक लिपी आहे. अनेक गावांत ती फळीवर रंगवून लावलेली असते. सुटा सुटा एकेक ठोका पडला, तर माणूस मारला गेला. दोन-दोन पडले, तर घरात चोर शिरला. तीन-तीन म्हणजे आग. चार-चार म्हणजे पूर किंवा तसेच काही संकट. पाच-पाच म्हणजे गुरे चोरली. गावागणिक थोडा फरक असतो. शेवटी एक ठोका, मग घाईने अनेक, पुन्हा एक, असे वाजले की सगळे ठीक आहे, झोपा.

गुरांच्या चोरीला वेगळी खूण का? तर जावानी भाषेत गुराढोरांना ‘राजाकाया’ म्हणतात. दागदागिने ‘राजाब्राना’, आणि खून ‘राजापाती’. दाव्याची म्हैस हे राजाचे धन. तिच्यावाचून चिखलणी नाही आणि चिखलणीवाचून भात नाही. घरातले पातेले गेले तर नवे येईल. म्हैस गेली तर पुढचे वर्ष गेले.

या म्हशीनेच जावाच्या खेड्याची गोष्ट जगाला सांगितली. १८५६ च्या जानेवारीत एदुआर्द दाउवस देकर नावाचा डच अधिकारी पश्चिम जावातल्या लेबाक जिल्ह्यात रुजू झाला. तिथला देशी सरदार आणि त्याचे हाताखालचे लोक रयतेच्या म्हशी ओढून नेतात, वेठीला धरतात, असे त्याला दिसले. त्याने तक्रार केली. वरिष्ठांना ती नको होती. तीन महिन्यांत त्याची नोकरी संपली. १८६० साली त्याने ‘मुल्तातुली’ या टोपणनावाने ‘मॅक्स हावेलार’ ही कादंबरी छापली आणि हॉलंड हादरले. त्या कादंबरीत साइजा नावाच्या पोराची गोष्ट आहे. त्याच्या बापाची म्हैस सरदाराचे लोक नेतात. बाप वडिलोपार्जित कट्यार विकून दुसरी घेतो. तीही नेतात. मग घरातले चांदीचे आकडे विकून तिसरी. ती गेल्यावर सारा भरता येत नाही, म्हणून बाप गाव सोडतो आणि परवान्यावाचून फिरतो म्हणून फटके खातो. पुढे घर मोडते, साइजाची वाग्दत्त वधू परागंदा होते, आणि शेवटी दोघेही सैनिकांच्या हातून मरतात. एका म्हशीपासून निघालेली गोष्ट दोन जिवांवर संपते. मला या कादंबरीत सगळ्यात बोलके वाटते ते हे, की लेखकाने मधेच चोरलेल्या म्हशींची यादी दिली आहे. कादंबरीत यादी कोण देतो? ज्याला वाटते की कथा खोटी म्हणतील, तो देतो.

लेबाकच्या म्हशी रात्री गेल्या नव्हत्या. केंतोंगानच्या लिपीत त्या चोरीला ठोकाच नव्हता.

त्याआधीची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात आपला हिंदुस्थानही आहे. १८११ साली इंग्रजांनी जावा जिंकले ते हिंदी शिपायांच्या बळावर. थॉमस स्टॅम्फर्ड रॅफल्स तिथला कारभारी झाला. त्याच्याबरोबर मद्रासकडून आलेला कॉलिन मॅकेन्झी होता, मोजणी-नोंदणीत मुरलेला. दक्षिण हिंदुस्थानात जी रयतवारी चालू होती तिच्या धर्तीवर रॅफल्सने जमीनसारा बसवला. प्रथम गावावर आणि १८१४ पासून माणसावर. मध्यम प्रतीच्या सावाहवर सारा उत्पन्नाच्या दोन पंचमांश! पुढे हीच रयतवारी आपल्या दख्खनेत आली आणि तिने काय केले ते आपल्याला ठाऊक आहे. १८१६ मध्ये इंग्रज गेले, पण सरकार हीच जमिनीची खरी धनीण आहे, हा विचार मागे ठेवून गेले.

डचांनी १८३० पासून त्या विचाराला फळे आणली. योहानेस फान देन बॉश याने काढलेली ही पद्धत. गावाने आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा नीळ, ऊस अशा सरकारी पिकासाठी द्यायचा. डोंगराळ भागात कॉफीची झाडे सांभाळायची. कागदावर पाचवा हिस्सा, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी जास्त, आणि चांगल्या पाण्याखालचा. भाताला उरली मागची जमीन आणि मागचे दिवस. १८४० च्या दशकात चिरेबोनला आणि मग देमाक-ग्रोबोगानला, भाताच्या मुलखात, दुष्काळ पडला. १८३१ ते १८७७ या काळात जावातून हॉलंडच्या तिजोरीत सुमारे ८२ कोटी गिल्डर गेले. हॉलंडचे कर्ज फिटले, रेल्वे झाली.

यात एक विलक्षण गोष्ट घडली. वेठ ज्याच्या नावावर जमीन त्याच्यावर बसे. मग गावांनी काय करावे? जमीन जास्त माणसांत वाटून टाकली, म्हणजे वेठीचे खांदे वाढतील. काही भागांत तर खाचरे दरवर्षी फिरती वाटू लागले. पुढे विद्वानांनी लिहिले की जावाचा शेतकरी स्वभावतःच समूहवादी, त्याला खासगी मालकीची ओढ नाही. असे म्हणणाऱ्यांनी वेठीचा हिशेब पाहिला असता तर बरे झाले असते. जमीन हे ओझे झाल्यावर ती कोण आपल्या एकट्याच्या नावावर ठेवील?

रात्रीच्या गस्तीचेही असेच झाले. गावाने आपली सोय म्हणून जे केले ते सरकारने सक्तीचे केले. पाळी चुकवली तर दंड. तरी गुरांची चोरी थांबली नाही, कारण तिचा एक धागा दिवसाच्या लोकांत होता. गावोगाव ‘जागो’ असत. जागो म्हणजे कोंबडा, झुंजीचा, म्हणजे गावगुंड. लुराहला तो हवा असे, कारण दुसऱ्या गावचा जागो त्याला भिई. म्हैस गेली की दोन दिवसांनी कोणी मध्यस्थ येई आणि सहज बोलल्यासारखे सांगे, अमक्या गावाला तशीच एक म्हैस दिसली म्हणतात, थोडा खर्च येईल. शेतकरी तो खर्च देई. कचेरीत तक्रार करायची तर साक्षीसाठी चार दिवस बुडणार, वर जागो डूख धरणार. आपल्या खेड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये.

१८९० च्या सुमारास ब्लोराच्या सागवानी रानाकडे सामिन सुरोसेंतिको नावाच्या शेतकऱ्याने वेगळा उपाय सुचवला. १८७० च्या कायद्याने ज्या जमिनीची मालकी सिद्ध होत नाही ती सरकारची ठरली होती, आणि रानही वनखात्याने बंद केले होते. सामिन म्हणाला, जमीन, पाणी आणि लाकूड सगळ्यांचे आहे. त्याच्या अनुयायांनी सारा देणे सोडले, गस्तीच्या पाळीला जाणे सोडले. दगड कोणी उचलला नाही. अधिकाऱ्याने प्रश्न विचारला की ते शब्दाला शब्द लावून उत्तर देत आणि अधिकारी वैतागत. १९०७ मध्ये सामिनला पकडून सुमात्रात पाठवले, तिथेच १९१४ साली तो वारला. इंडोनेशियन बोलीत ‘सामिन’ म्हणजे अडाणी, हटवादी असा अर्थ रूढ झाला. सत्याग्रह हा शब्द त्यांच्याजवळ नव्हता, एवढेच.

१९४२ ते १९४५ जपानी होते. भात सक्तीने उचलले जाई, तरुण माणसे ‘रोमुशा’ म्हणून कामावर नेत आणि त्यांतले पुष्कळ परत आले नाहीत. जपान्यांनी १९४४ साली दहा-वीस घरांचे गट पाडले, शेजाऱ्याने शेजाऱ्यावर नजर ठेवायची. जपानी गेले, गट राहिले. आज इंडोनेशियाच्या प्रत्येक पत्त्यात ‘आर.टी.’ असा जो क्रमांक असतो त्याचे मूळ तिथे आहे. पाहुणा चोवीस तासांहून जास्त राहिला तर कळवावे, अशी पाटी आजही गल्लीच्या तोंडाशी दिसते. राखण आणि पाळत यांमधली भिंत किती पातळ असते! बांबूच्या तट्ट्याएवढी.

आता येतो तो भाग, जो सांगताना जीभ जड होते. स्वतंत्र इंडोनेशियाने २४ सप्टेंबर १९६० रोजी मूलभूत जमीन कायदा केला. तो दिवस तिथे शेतकरी दिन म्हणून पाळतात. कमाल जमीनधारणा ठरली, दाट वस्तीच्या भागात सावाह पाच हेक्टर. वाटेकऱ्याला न्याय्य वाटा ठरला. पण वाटप सुरू होईना, मालक नातेवाइकांच्या नावे जमीन करू लागले. १९६३-६४ मध्ये साम्यवादी पक्षाच्या शेतकरी संघटनेने सरकारची वाट न पाहता जमिनींचा ताबा घ्यायला सुरुवात केली. समोर उभे राहिले जमीनदार, त्यांत मदरशांचे धनी असलेले मौलवीही होते. एकाच गावात दोन गट, दोन झेंडे, आणि दोघांचेही नमाजाचे ठिकाण तेच.

१ ऑक्टोबर १९६५ च्या पहाटे जाकार्तात सहा जनरलना मारण्यात आले. दोष साम्यवाद्यांवर आला. त्यानंतरच्या काही महिन्यांत जावा, बाली, सुमात्रात जे झाले त्यात किमान पाच लाख माणसे मेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. सैन्याने याद्या दिल्या, गावच्या माणसांनी दारे दाखवली. पूर्व जावात मारणाऱ्यांत मुस्लिम संघटनेची तरुण मुले होती, बालीत हिंदू शेजाऱ्यांनी हिंदू शेजाऱ्यांना मारले. माणसे रात्री नेली जात. ज्या रस्त्यांवर गस्त हिंडायची त्याच रस्त्यांनी. वाटप झालेली जमीन बहुतेक ठिकाणी परत गेली. जे तुरुंगातून सुटले त्यांच्या ओळखपत्रावर पुढे कित्येक वर्षे ‘माजी कैदी’ अशी खूण राहिली, आणि त्यांच्या मुलांना सरकारी नोकरी बंद झाली. २००० साली राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी माफी मागितली. ते स्वतः त्याच मुस्लिम संघटनेचे नेते आणि तिच्या संस्थापकांच्या घराण्यातले. मौलवीने मागितलेली ती माफी मला मोठी वाटते. तिच्यावरून त्यांच्या घरचेच लोक त्यांच्यावर रागावले होते, म्हणूनही.

यानंतर खेड्यात शांतता झाली. त्या शांततेत १९७० च्या दशकात आणखी एक मालमत्ता गेली, जिची कुठेच नोंद नव्हती. भाताची कापणी जावात बायका करीत. तळहातात लपेल एवढे पाते, ‘आनी-आनी’, आणि एकेक लोंबी कापायची. पाते लपवायचे, कारण भाताची देवी देवी श्री दचकू नये. होय, आपलीच श्री, मुसलमान खेड्यात नांदणारी. कापणीला गावातली कोणतीही बाई येऊ शके आणि कापलेल्या भाताचा ठरीव वाटा, ‘बावोन’, घेऊन जाई. भूमिहीन घरांची चूल त्यावर चाले. नवी बुटकी, लवकर येणारी भाताची जात आली, तिला विळा सोयीचा. मालक उभे पीक व्यापाऱ्याला विकू लागले, व्यापारी आपली टोळी आणू लागला. गिरणी आली आणि उखळ-मुसळाचे कामही गेले. भाताचे उत्पन्न वाढले हे खरे, १९८४ मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. पण बावोन गेला त्याची फिर्याद कोणत्या कचेरीत करायची?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुहार्तो सरकारने जुन्या रोंदाला नवे नाव दिले: ‘सिसकाम्लिंग’, परिसर सुरक्षा पद्धती. गार्दू पक्के झाले, रंगवले गेले. त्याच सुमारास, १९८३ पासून, सकाळी रस्त्याकडेला गोळी घातलेली प्रेते दिसू लागली. बहुतेकांच्या अंगावर गोंदण असे. गुंड म्हणून ज्यांची नावे होती ते हे लोक. कोणी मारले ते जाहीर होत नसे. १९८९ च्या आत्मचरित्रात सुहार्तोंनी मान्य केले की हे धाक बसावा म्हणून होते. काही लोक तेव्हा म्हणाले, बरे झाले, रात्री निर्धास्त झोप लागते. आणि ज्यांनी तारुण्यात हौसेने अंगावर गोंदून घेतले होते ते निखाऱ्याने नाहीतर इस्त्रीने कातडी जाळून घेऊ लागले.

मग १९९८. सुहार्तो मे महिन्यात पायउतार झाले. पूर्व टोकाच्या बान्युवांगी जिल्ह्यात त्याआधीच जादूटोण्याच्या संशयावरून माणसे मारली जाऊ लागली होती. अशा संशयितांची त्यांच्याच संरक्षणासाठी नोंद करावी, असा हुकूम जिल्ह्याच्या कचेरीतून निघाला, आणि नोंद झाली. त्यानंतर खून वाढले. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत कुराण शिकवणारे साधे मास्तरही होते. काळ्या पोशाखातले ‘निंजा’ रात्री येतात, अशी वदंता पसरली. गावागावांनी पहारे बसवले, प्रत्येक अनोळखी माणसाला अडवले. रस्त्यावर भटकणारे वेडे, ज्यांना आपले नावही सांगता येत नव्हते, ते निंजा म्हणून पहारेकऱ्यांच्या हातून मेले. केंतोंगान वाजले होते, माणसे धावत आली होती, जसे धावायला त्यांच्या आजोबांनी शिकवले होते.

११ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी बारा घटनांमध्ये मानवी हक्कांचा गंभीर भंग झाला, असे मान्य करून खेद व्यक्त केला. १९६५-६६ ची कत्तल, गूढ गोळीबार आणि जादूटोण्याचे खून, हे तिन्ही त्या यादीत आहेत.

मालमत्तेचे आजचे भांडण कागदाचे आहे. गावच्या कचेरीत ‘लेटर सी’ नावाची जुनी वही असते, तिच्यातला उतारा घराघरांत जपून ठेवलेला. पण तो सारा भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे. आपला सातबारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही खोच लगेच कळेल. २०१५ पर्यंत देशातल्या सुमारे १२ कोटी ६० लाख जमीनतुकड्यांपैकी ४ कोटी ६० लाखांनाच मालकीचे प्रमाणपत्र होते. पुढे मोहीम काढून कोट्यवधी प्रमाणपत्रे वाटली गेली, हे काम मोठे झाले. जुने कागद असलेल्यांनी पाच वर्षांत नोंदणी करावी, असा नियम २०२१ साली निघाला. मात्र कागद पक्का असला म्हणजे जमीन राहतेच, असे नाही. मध्य जावातल्या वादास गावात धरणासाठी दगडाची खाण काढायची ठरली. गावकऱ्यांनी २०२१ च्या एप्रिलमध्ये झाडे आडवी टाकून रस्ता अडवला, बायका रस्त्यावर दुआ करीत बसल्या. ८ फेब्रुवारी २०२२ रोजी मोजणीदारांबरोबर मोठी पोलीस कुमक गावात शिरली आणि साठाहून अधिक माणसांना धरून नेले. दुसऱ्या दिवशी सोडले. नंतर अनेकांनी मोबदला घेतला.

रोंदा मात्र संपली नाही. २०२० च्या साथीत गावांनी बांबू आडवे बांधून वेशी बंद केल्या. सुकोहार्जोजवळच्या कपुह गावात लोक रात्री घरात बसेनात, तेव्हा पहाऱ्यावरच्या मुलांनी कफन गुंडाळलेल्या भुताचे सोंग घेतले. पहिल्या रात्री गर्दी उलट वाढली, लोक भूत पाहायला आले.

गस्तीचा खर्च कसा चालतो, ते सांगायचे राहिले. प्रत्येक घराच्या बाहेर एक छोटे वाटीसारखे भांडे टांगलेले असते. पूर्वी त्यात संध्याकाळी चिमूटभर तांदूळ टाकीत. चिमटीला ‘जिम्पित’ म्हणतात, म्हणून हा ‘जिम्पितान’. गस्तवाले फिरता फिरता ते जमा करीत. वाटी रिकामी दिसली तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारी, घरात आजारी आहे का, चूल पेटली ना? जमलेल्या तांदळातून गल्लीतला दिवा, मयताचा खर्च, गस्तीची कॉफी. आता तांदळाऐवजी पाचशे रुपयाचे नाणे असते, म्हणजे आपले तीन रुपयेही नव्हेत. काही वस्त्यांत तर वाटी गेली आणि दारावर क्यूआर कोडची चिकटपट्टी आली. गस्तवाला तिच्यासमोर मोबाइल धरतो आणि त्या घराचा हिशेब तिथेच नोंदला जातो.